भाजी बोलतेय

लग्न झालं तेव्हा मला एकदम डझनभर नवरे मिळाले. खरा नवरा एकच, आदेगोके, आणि तो बिचारा कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. बाकीचे म्हणजे त्याचे भाऊ, बहिणी, चुलत भावंडं, माझ्याआधी या घरात जन्मलेली शेंबडी पोरंसुद्धा. सुनेने सासरच्यांची नावं घ्यायची नाहीत, सगळ्यांना 'नवरोबा' म्हणायचं आणि सकाळी गुडघे टेकून विचारपूस करायची, अशी रीत आहे. त्यांनी तिला म्हणायचं 'नवरी'. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नवरीच.

या सगळ्या नवऱ्यांत सर्वांत कडक नवरा म्हणजे माझी थोरली नणंद. तिचं नाव तिनुआदे. तोंडाने मी ते आजवर घेतलेलं नाही, इथे लिहितेय तेवढंच. बाजारात तिचं कापडाचं दुकान आहे आणि आवाज असा की दुकानात बोलली तर गिऱ्हाईक बसथांब्यावरून परत येतं. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि तेव्हापासून इलेशातल्या या घरात पान हलायचं तर तिला विचारून हलतं.

मी माहेरची इजेबूची. इजेबूची माणसं चिक्कू असतात आणि त्यांना उकडलेला कंद कुटून गोळे करता येत नाहीत, असं इलेशातली माणसं समजतात. पहिली दहा वर्षं मी हेच ऐकत काढली. मग एका वर्षी सणाला माझ्या हातची एफो, म्हणजे आमची पालेभाजी, खाऊन सासऱ्यांनी ताट बोटाने पुसून काढलं, आणि तेव्हापासून घरातल्या मोठ्या कार्याची एफो माझ्याकडे आली. थोरली जाऊ वारल्यावर तर परसातला मोठा हंडा आणि त्याचा लांब लाकडी पळा रीतीनेच माझा झाला. या घरात मला खुर्ची नाही, दुकान नाही, आवाज तर नाहीच नाही. पळा आहे. मला माणसं ओळखतात ती त्या पळ्यावरून.

आणि गेल्या हार्मटानात, ती कोरडी धुळीची हवा सुटली असताना, घरभर ताप फिरला. आठवड्याने मी उठून बसले, स्वयंपाकघरात गेले आणि इरूच्या डब्याचं झाकण उघडलं. इरू म्हणजे आंबवलेल्या काळ्या बिया, त्याशिवाय एफो होत नाही. डबा उघडला की शेजारच्या घरात कळतं. मला काहीच कळलं नाही. मी डब्यात नाक खुपसलं, चार बिया चोळून नाकाला लावल्या. काही नाही. पाणी हुंगावं तसं.

जिभेला खारट कळायचं, तिखट झोंबायचं, पण वास म्हणून जो काही असतो तो गेला. येईल चार दिवसांत, म्हटलं. हार्मटान संपला, पाऊस आला, पाऊस मुरलासुद्धा, वास काही आला नाही. मी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार? वास न येणाऱ्या बाईच्या हातात हंडा कोण देतं?

तरी बिंग फुटायची वेळ आलीच. ईस्टरच्या जेवणाला मी चवळी शिजवली आणि ती तळाशी चांगली करपली. माझ्या नाकासमोर करपली, आणि मी शेजारी बसून कांदे चिरत होते. लोकांनी पहिला घास घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. मुलांनी तोंडं वाकडी केली. नणंदबाईंनी मात्र दोनदा मागून घेतली. मला वाटलं, मुद्दाम करतेय. सगळ्यांदेखत टोमणा मारायची ही तिची नवी तऱ्हा. त्या रात्री मी रडले नाही, पण दात आवळून झोपले.

त्या दिवसापासून मी डोळे मिटून स्वयंपाक करायला लागले. नाक गेलं तर जाऊ दे, कान आहेत ना, बोटं आहेत ना. आणि ऐकायला लागल्यावर समजलं, भांडं सगळं सांगत असतं, आपणच इतकी वर्षं त्याच्याशी बोलत बसलेलो असतो. मिरचीचं वाटण तेलात पडलं की आधी भदभद भदभद करतं. त्यात पाणी असतं तोवर त्याची बडबड थांबत नाही. मग आवाज बारीक होतो, चुरचुर. मग एक क्षण येतो, सगळं गप्प होतं, तेल बाजूला सुटून वर येतं. तो क्षण पकडायचा. त्याच्या पुढे गेलं की करपणं. माझा खरा नवरा रोज समोर बसून ती एफो खायचा आणि "छान" म्हणायचा, पण त्याच्या छानला काही अर्थ नाही, तो करपलेल्या चवळीलाही छान म्हणाला होता.

ऑगस्टमध्ये निरोप आला. माझ्या धाकट्या जावेची, बोलातितोची, मुलगी इबिरोंके हिला मागणी घालायला ओयोची मंडळी शनिवारी येणार. गुरुवारी सकाळी नणंदबाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि कामं वाटली. मंडप याच्याकडे, खुर्च्या त्याच्याकडे, कंद कुटायला चार तगडे गडी. शेवटी म्हणाली, "आणि भाजीला मी बाहेरच्या बायका सांगणारेय."

मी गुडघ्यांवरच होते, तशीच वर बघून म्हटलं, "नवरोबा, मी मेलेय का?"

"तोंड आवर, नवरी. ओयोची माणसं आहेत. चवळीसारखं झालं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

"एकदा झालं."

"एकदाच पुरतं."

"माझ्याआधीच्या थोरल्या जाऊबाईंनाही तुम्ही असंच एका लग्नात खुर्ची दिलीत. गुडघे दुखतात ना, बस म्हणालात. त्या मरेपर्यंत उठल्या का त्या खुर्चीवरून? मला नको तुमची खुर्ची."

हे मी कसं बोलले कोण जाणे. पन्नाशी उलटेपर्यंत असं कधी बोलले नव्हते. पळा गेला असता तर मी या घरात कोण होते? इजेबूहून आलेली एक म्हातारी, कोपऱ्यात बसलेली. नणंदबाईंनी कमरेचं कापड आवळलं. मग म्हणाली, "बरं. उद्या दुपारी माझ्यासमोर छोट्या भांड्यात कर. सामान मी आणते. जमलं तर हंडा तुझा. नाही जमलं तर शनिवारी खुर्ची, आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही."

"कबूल," मी म्हटलं.

शुक्रवारी ती खरंच स्वतः टोपली घेऊन आली. माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली, गुडघे फाकवून, सावकार बसतो तशी. मी शोकोच्या पाल्याच्या जुड्या सोडल्या. पानं ताजी, कोवळी, देठ टचकन मोडत होते. निवडली, तीन पाण्यांतून धुतली, चिरली, उकळत्या पाण्यात घालून लगेच काढली, गार पाण्यात टाकली आणि मुठीत घेऊन पिळली. एफोत पाणी राहिलं की ती भाजी नाही, डबकं होतं. गोल तिखट मिरच्या, लांब लाल मिरच्या आणि कांदा पाट्यावर जाडसर वाटला. भाजून उकडलेलं गाईचं कातडं तुकडे करून बाजूला ठेवलं. सुका जवळा कोरडा, खडखडीत. इरू बोटांत चोळून पाहिली, चिकट, मऊ, जशी हवी तशी.

मग मासा घेतला. धुरावर वाळवलेला मांगूर, शेपूट तोंडात धरून गोल वळवलेला. चांगला मांगूर मोडला की काटकीसारखा आवाज करतो. हा वाकला. मी पुन्हा दाबला. पाठीच्या काट्याजवळ बोट ओलं झालं.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे हा डाव होता तर! हिला माझं बिंग कळलंय, म्हणून सडका मासा आणून दिलाय, मी तो भांड्यात टाकेन आणि ही बोंब ठोकेल.

"नवरोबा, हा मासा कुठून आणलात?"

"का? काय झालं त्याला?"

"तुम्हीच बघा ना."

तिने मासा माझ्या हातातून ओढला. नाकाशी नेला. चांगला लांब श्वास घेतला, एकदा, दोनदा. आणि ठणकावून म्हणाली, "उत्तम आहे. वास बघ काय सुंदर येतोय. कारणं सांगू नकोस, नवरी."

तेवढ्यात बोलातितो पाण्याची बादली घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. ती हार्मटानभर इबाडानला बहिणीकडे होती, तिला त्या तापाचं वारंही लागलं नव्हतं. तिने पदराने, म्हणजे डोक्याच्या कापडाच्या सुटलेल्या टोकाने, नाक दाबलं.

"अगं बाई! काय मेलंय इथे? थोरल्या बाई, उंदीर आहे का कुठे?"

मी नणंदेकडे पाहिलं. नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मासा अजून तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. तिचा चेहरा असा उतरला की पन्नास माणसांना गप्प करणारी बाई मला एकदम लहान दिसली. आणि मला ती चवळी आठवली. दोनदा मागून घेतलेली चवळी. टोमणा नव्हता तो. तिला भूक होती, आणि चवळी गरम होती, बस्स.

आता मनात आलं असतं तर मी तिथेच पाणउतारा केला असता. इतक्या वर्षांचं उसनं फेडायची याहून चांगली संधी आली नसती. जिभेवर आलंही होतं. पण मला त्या डब्यात नाक खुपसून उभी राहिलेली मी दिसले, आणि माझ्याच्याने ते बोलवेना.

"मासा खराब निघाला," मी बोलातितोला म्हटलं. "नवरोबांनीच आत्ता ओळखला. जा, लांब नेऊन पूर."

"नवरोबांना काय, विक्रेत्याच्या तीन पिढ्यांची नावं सांगतील हुंगून," बोलातितो म्हणाली आणि मासा दोन बोटांत धरून पळाली.

मी चुलीकडे वळले. भांडं कोरडं तापवलं, लाल पामतेल ओतलं, कांदा टाकला, इरू टाकली. डोळे मिटले. वाटण घातलं आणि कान लावून बसले. भदभद, भदभद. मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"काय करतेयस गं?" नणंद हळू आवाजात म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"गप्प बसा. भाजी बोलतेय."

ती गप्प बसली! मी तिला गप्प बसा म्हटलं आणि ती बसली. चुरचुर सुरू झाली. मी थांबले. मग आवाज खाली, खाली, आणि एकदम शांत. डोळे उघडले तर तेल लालजर्द होऊन वर आलेलं. कातडं घातलं, जवळा, मीठ, दोन मिनिटं ढवळून शेवटी पिळलेली पानं. झाकण नाही. पाणी नाही. पानं हिरवीगार राहिली पाहिजेत. चार वेळा खालीवर केलं आणि उतरवलं.

वाटी तिच्या हातात दिली. तिने घास घेतला, चावला आणि गिळला. तिला काय कळणार होतं? खारट, तिखट, गरम. मला जेवढं कळतं तेवढंच. तिने वाटी परत आलेल्या बोलातितोकडे सरकवली.

"तू सांग. तुझ्या पोरीचं कार्य आहे."

बोलातितोने चमचा घेतला. दुसरा घेतला. मग चमचा ठेवून बोटांनीच सुरुवात केली. "अहो थोरल्या बाई, मासा नाही तरी ही अशी?" तिने भांडंच जवळ ओढलं. "बाहेरच्या बायका कशाला हव्यात? ओयोची माणसं आमची पोरगी ठेवून भाजीच घेऊन जातील!"

ती गेल्यावर आम्ही दोघी उरलो. नणंद म्हणाली, "कधीपासून?"

"हार्मटानच्या तापापासून. तुम्ही?"

"तेव्हापासूनच." ती जमिनीकडे बघत होती. "दुकानात नवं कापड उघडलं की त्याचा वास... तो मला फार आवडायचा. आता सगळं सारखंच. मला वाटलं, शनिवारी भाजी बिघडली तर लोक विचारतील, घरच्या लेकीने चाखली नाही का? म्हणून बाहेरच्या बायका. माझ्या अंगावर येऊ नये म्हणून."

"आणि माझ्या अंगावरून पळा काढून घेत होतात."

"हो," ती म्हणाली. सरळ हो म्हणाली, आढेवेढे न घेता. त्या एका शब्दावर माझा निम्मा राग विरघळला. उरलेला निम्मा मी ठेवला, नणंद आहे, पुढे लागेल.

शनिवारी पहाटे मी परसात तीन दगडांवर हंडा चढवला. ढीगभर शोको, मिरच्यांची घमेली, तेलाचं पिंप. बोलातितो वधूमाय, रेशीम नेसून पाहुण्यांत मिरवत होती, म्हणजे परसात भरवशाचं नाक कोणाचंच नव्हतं. नव्या सुना माझ्या हाताखाली पळत होत्या, पण त्यांना हुंगून सांगा म्हटलं की बिंग फुटलं. सगळं बेतात चाललं होतं. वाटण तेलात पडलं, हंडा भदभदू लागला, मी पळा हातात घेऊन कान लावला.

आणि ओयोची मंडळी आली. नुसती आली नाहीत, ढोलवाले घेऊन आली. बगलेत धरून वाजवायचे ते बोलके ढोल, एक नाही, पाच. ओयोच्या ढोलवाल्यांना थांबणं माहीत नसतं. फाटकातून आत येऊन ते थेट परसाच्या भिंतीला टेकले आणि आमच्या घराण्याची स्तुती वाजवायला लागले. बायका नाचायला लागल्या, टाळ्या, आरोळ्या. हंड्याचा आवाज गेला. मी वाकले, तोंड भाजेपर्यंत हंड्याजवळ कान नेला. ढोलाशिवाय काही ऐकू येईना. धूर डोळ्यांत, तेलावर फेस, दिसेनासं झालं. आता करपत असेल, की अजून पाणी असेल? आत्ता पानं टाकली तर कच्चं, उशीर केला तर चवळी. शंभर माणसांची चवळी. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात ओरडले.

"नवरोबा!"

नणंद मंडपात होती. डोक्यावर निळ्या कापडाचा एवढा मोठा फेटा, गळ्यात पोवळी, पाहुण्यांच्या म्हाताऱ्या प्रमुखाशी बोलत होती. तिने मला पाहिलं. कानाला लावलेला माझा हात पाहिला. आणि तिला कळलं. त्या सगळ्या गर्दीत तिला एकटीला कळलं.

ती ढोलवाल्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

"थांबवा!"

तो आवाज ऐकून बाहेर रस्त्यावरची मोटारसायकलसुद्धा थांबली म्हणतात. ढोल थांबले. नाचणाऱ्या बायका एका पायावर थांबल्या. वर म्हणून आलेला मुलगा रीतीप्रमाणे जमिनीवर पालथा पडून नमस्कार करत होता, तो तसाच पडून राहिला.

"काय झालं बाई?" प्रमुख घाबरून म्हणाला. "आमचं काही चुकलं का?"

"श्श!" नणंद म्हणाली. "भाजी बोलतेय."

कोणी हसलं नाही. तिच्यासमोर कोण हसणार? शंभर माणसं श्वास धरून उभी राहिली आणि त्या शांततेत माझा हंडा मला ऐकू आला. चुरचुर. बारीक चुरचुर. अजून होती! मी पळा धरून उभी राहिले. चुरचुर कमी झाली, अजून कमी, एक बुडबुडा, आणखी एक, आणि मग काही नाही.

"झालं!" मी ओरडले. "पानं आणा! आणि वाजवा आता, थांबलात कशाला?"

पाचही ढोल एकदम कडाडले. सुनांनी घमेली ओतली, मी पळा फिरवला, आणि ते ढोल माझ्यासाठीच वाजतायत असं मला वाटलं. वाटेना का. हिरवी पानं लाल तेलात खालीवर होत होती आणि मी त्या तालावर ढवळत होते. घाम पाठीवरून वाहत होता. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

जेवायला बसल्यावर मंडपात फार बोलणं झालं नाही, आणि हीच खरी पावती. कुटलेल्या कंदाचे पांढरे गोळे येत होते, एफो येत होती, माणसं खाली माना घालून खात होती. ओयोच्या प्रमुखाने बोटं चाटली, ताट पुसलं आणि विचारलं, "हा हंडा कोणाच्या हातचा?"

मी मागे उभी होते, हात कोपरापर्यंत तेलाने लाल. सगळ्यांचे चेहरे नणंदेकडे वळले, कारण या घरात उत्तर तीच देते. तिचं ताट रिकामं होतं. तिने ते उचललं आणि उभी राहिली. मग सगळ्यांदेखत, घरच्या लेकींदेखत, सुनांदेखत, सावकाश गुडघे टेकले, आम्ही सुना रोज सकाळी टेकतो तसे, आणि ताट माझ्यापुढे धरलं.

"नवरोबा," ती म्हणाली, "अजून थोडी वाढता का?"

मग बायकांनी जी आरोळी ठोकली! बोलातितो तर रेशीम विसरून उड्या मारायला लागली. माझे डोळे भरून आले, पण नवऱ्याने चारचौघांत रडायचं नसतं. मी हंड्यात पळा घातला, तळातून भरून काढला, तिच्या ताटात ओतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला अगं म्हटलं.

"पोटभर जेव गं, नवरी."